पुण्याभोवतालची नवी औद्योगिक क्षेत्रे आणि त्यांचा स्थानिक कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, महाळुंगे इंगळे, तळेगाव, हिंजवडी आणि रांजणगाव या भागांतून लघुउद्योजक, सदनिकाधारक, खोल्या भाड्याने देणारे ग्रामस्थ आणि कामगार सतत जे प्रश्न पाठवतात, त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पहिले तीन प्रश्न सर्वांनी वाचावेत. पुढील बहुतेक उत्तरे त्यांवर उभी आहेत.

१. एमआयडीसी म्हणजे आमच्या भागाची नगरपालिकाच ना?

नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, हे १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली स्थापन झालेले आणि १ ऑगस्ट १९६२ पासून काम करणारे शासकीय महामंडळ आहे. जमीन संपादन करून तिची आखणी करणे, रस्ते, पाणी व पथदिवे पुरवणे आणि भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देणे हे त्याचे मुख्य काम आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४० खाली ते आपल्या क्षेत्रापुरते विशेष नियोजन प्राधिकरण ठरते, त्यामुळे कारखान्याचा नकाशाही तेच मंजूर करते. त्याचे काम दिसायला नगरपालिकेसारखे असले, तरी त्याला प्रभाग नाहीत, नगरसेवक नाहीत आणि रहिवाशांना मत देण्याचा अधिकारही नाही. महामंडळाचे नाते भूखंडधारकाशी आहे. त्या परिसरात राहणाऱ्या माणसाशी नाही. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

२. आमच्या पत्त्यावर ‘चाकण एमआयडीसी’ लिहिलेले आहे, पण कार्यालयात गेलो तर ‘तुम्ही आमच्या हद्दीत नाही’ असे सांगतात. खरे काय?

बहुधा दोन्ही खरे असते. ‘चाकण एमआयडीसी’ हे बोलीभाषेत पंचवीस-तीस गावांच्या पट्ट्याचे नाव झाले आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र अधिसूचित आणि संपादित गट क्रमांक तेवढेच औद्योगिक क्षेत्र असते. खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी या गावांत शेकडो कारखाने खासगी, अकृषिक केलेल्या जमिनीवर उभे आहेत. त्यांच्या समोरचा रस्ता महामंडळाचा असू शकतो आणि तरीही कारखाना ग्रामपंचायतीच्या हद्दीत असू शकतो.

खात्री करण्यासाठी सातबारा काढावा. भोगवटादार म्हणून महामंडळाचे नाव असेल तर जमीन त्यांची आहे. केवळ ‘इतर हक्क’ या रकान्यात शिक्का असेल तर थांबून तो फेरफार वाचावा. १९६१ च्या अधिनियमातील कलम ३२(२) ची नोटीस ही जमीनधारकाची हरकत ऐकून घेण्याची पायरी आहे. कलम ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली की जमीन शासनाकडे निहित होते. उपकलमांचा हा क्रम उलटा वाटत असला तरी प्रक्रिया याच क्रमाने होते. खेड आणि मावळ तालुक्यांतील अनेक शेतकऱ्यांच्या उताऱ्यांवर असे शिक्के वर्षानुवर्षे राहिले आहेत. अशी जमीन विकत घेताना दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

३. मग कोणत्या कामासाठी कोणाकडे जायचे?

आधी स्वतःची जागा चारपैकी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवावे. संपादित औद्योगिक क्षेत्रातील भूखंडासाठी बांधकाम, पाणी, अंतर्गत रस्ते, हस्तांतरण आणि पोटभाडे या सर्व बाबी महामंडळाच्या प्रादेशिक व अभियांत्रिकी कार्यालयांकडे असतात. त्याबाहेरील गावांत पाणी, गटारे, कचरा, दिवाबत्ती आणि घरपट्टी ग्रामपंचायतीकडे असते, तर बांधकाम परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे असते. या प्राधिकरणाची स्थापना २०१५ मध्ये झाली. मावळ, मुळशी व हवेली हे तालुके आणि खेड, शिरूर, दौंड, पुरंदर, भोर व वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांचे काही भाग त्याच्या क्षेत्रात येतात. शेवटच्या सहांतील वाचकांनी आपले गाव यादीत आहे का हे तपासणे आवश्यक आहे. चाकण, आळंदी, राजगुरुनगर, तळेगाव दाभाडे अशा नगरपरिषदांच्या हद्दीत नागरी सेवा आणि कर नगरपरिषदेकडे असतात. चौथा प्रकार महापालिका हद्दीतील औद्योगिक क्षेत्राचा आहे. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

वीज सर्वत्र महावितरणची, प्रदूषणविषयक संमती सर्वत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आणि कारखान्याच्या आतील सुरक्षा सर्वत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची आहे. या तीन बाबींत हद्दीने फरक पडत नाही.

४. आम्ही एमआयडीसीला सेवा शुल्क भरतो. तरीही ग्रामपंचायत कर कसा मागू शकते?

सेवा शुल्क हा पुरवलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि मालमत्तेवरील कर हा कायद्याने दिलेला अधिकार आहे; एक भरले म्हणून दुसरे आपोआप माफ होत नाही. औद्योगिक क्षेत्र अधिसूचित झाल्याने गाव संपत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली ग्रामपंचायत इमारती व जमिनींवर कर बसवू शकते. त्याच अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये एक वेगळी वाट आहे: नियमांच्या अधीन राहून कारखाना आणि ग्रामपंचायत करांऐवजी ठोक अंशदानाचा करार करू शकतात. मोठ्या कारखान्यांना ही वाट सोयीची असते, कारण दरवर्षीच्या मोजणीचा वाद टळतो.

औद्योगिक क्षेत्रातील कराची आकारणी आणि वसुली कोणी करायची याबाबतचे नियम अलीकडच्या वर्षांत बदलले आहेत. त्यामुळे देयक हाती आल्यावर ते कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या आदेशाच्या आधारे दिले आहे ते लेखी विचारावे. ‘कंपनी मोठी आहे, देईल’ किंवा ‘गाव आपले काय बिघडवणार’ या दोन्ही भूमिकांनी या पट्ट्यात खूप नुकसान केले आहे. कर नियमाने आकारला आणि नियमाने भरला, तर गावाची पाणीयोजना उभी राहते. सरपंचाच्या ओळखीने कमी-जास्त झाला, तर काहीच उभे राहत नाही.

५. आमचा कारखाना भोसरीत आहे. येथे एमआयडीसी आणि महापालिका दोन्ही कशा?

भोसरी आणि पिंपरी-चिंचवड येथील जुनी औद्योगिक क्षेत्रे आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहेत. मालमत्ता कर महापालिका घेते. भूखंडाचा भाडेपट्टा आणि इमारतीचा नकाशा महामंडळाकडेच राहतो. म्हणून पोटमाळा वाढवायचा असेल तर महामंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि वाढलेल्या क्षेत्राची नोंद महापालिकेच्या करसंकलन कार्यालयात करावी लागते. दुसरी पायरी विसरल्यास पुढे थकबाकी व दंड एकदम येतो.

६. गावठाणाजवळ दोन गुंठे घेऊन शेड बांधली. ग्रामपंचायतीने ‘ना हरकत’ दिली आहे आणि घरपट्टीही घेते. मग ती अनधिकृत कशी?

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला ही बांधकाम परवानगी नव्हे. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यात मिळकतीची नोंद आहे याचा अर्थ कर आकारला गेला एवढाच. कर भरल्याने अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ व ५३ खालील कारवाई त्यामुळे थांबत नाही. पीएमआरडीए क्षेत्रात डिसेंबर २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. औद्योगिक महामंडळाच्या क्षेत्रासाठी महामंडळाची स्वतंत्र नियमावली आहे. शेजारच्या भूखंडाला मिळालेले चटईक्षेत्र तुम्हाला मिळेलच असे त्यामुळे म्हणता येत नाही.

दोन गुंठ्यांच्या व्यवहारात आणखी एक अडचण तुकडेबंदीची, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकण्यावरील बंदीची, असू शकते. शेड बांधण्यापूर्वी जमिनीचा अकृषिक वापर, मंजूर रेखांकन आणि पोहोचरस्ता या तीन गोष्टी कागदावर पाहाव्यात. शेड उभी राहिल्यावर बँक कर्ज देत नाही आणि विमा कंपनी दावा अडवते, तेव्हा या तीन कागदांची किंमत कळते.

७. कामगारांच्या खोल्यांमुळे आमच्या गावाची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली. पाणी, गटार काहीच पुरत नाही. ही जबाबदारी कोणाची?

आज कायद्याने ती ग्रामपंचायतीची आहे, आणि ग्रामपंचायतीला ती पेलत नाही. हा या संपूर्ण विषयाचा गाभा असल्याने येथे थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे.

पिंपरी-चिंचवडचा क्रम आठवून पाहावा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, साठच्या दशकात महामंडळाचे भूखंड पडले, १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये कामगारांच्या घरांचा विचार डोळ्यांसमोर ठेवून नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९८२ मध्ये महापालिका आली. त्या घडणीतही त्रुटी होत्या, प्राधिकरणाच्या जमिनींवरील अतिक्रमणांचा प्रश्न दशकानुदशके चिघळला; तरीही कारखान्यांपाठोपाठ नगरपालिका आणि घरांची यंत्रणा आली. चाकण पट्ट्यात बजाजचा कारखाना १९९९ मध्ये आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला, तर चाकणला नगरपरिषद २०१५ मध्ये मिळाली, आणि तीही मूळ चाकण गावापुरती. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथे आजही ग्रामपंचायतीच आहेत. कामगारांच्या घरांसाठी स्वतंत्र यंत्रणा या पट्ट्यात आलीच नाही.

परिणाम कोणत्याही गल्लीत दिसतो. शेतकऱ्याने उरलेल्या जमिनीवर पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग बांधलेली असते, एका खोलीत तिन्ही पाळ्यांतील चार-पाच मुले आळीपाळीने झोपतात, रांगेच्या टोकाला दोन शौचालये असतात आणि दारासमोर टँकरची वाट पाहणारी निळी पिंपे असतात. सांडपाण्याची नळी मागच्या ओढ्यात सोडलेली असते. या खोल्यांपासून काही पावलांवर महामंडळाचा रुंद रस्ता, झाडे आणि पथदिवे सुरू होतात. कारखान्यासाठी नियोजन झाले आणि त्यात काम करणाऱ्या माणसासाठी झाले नाही, हे इतक्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

पैशाचे गणितही गावाच्या विरोधात आहे. वित्त आयोगाचे अनुदान आणि योजनांचे निकष जनगणनेच्या लोकसंख्येवर ठरत आले आहेत, आणि २०२१ ची जनगणना न झाल्याने हिशेब २०११ च्या आकड्यांवर राहिला. म्हणजे गेल्या दशकात आलेले हजारो कामगार पाणी वापरतात, पण निधीच्या तक्त्यात ते नाहीत. ग्रामपंचायतीने खोल्यांची आकारणी पूर्ण करणे, कलम १२५ खालील करार (प्रश्न ४) अद्ययावत ठेवणे आणि ग्रामसभेत ठराव करून पीएमआरडीए व जिल्हा परिषदेकडे सामाईक पाणी व मलनिस्सारण योजनेची मागणी नोंदवणे, एवढे आज हातात आहे. एकेका गावाने स्वतंत्र प्रकल्प मागण्यापेक्षा शेजारच्या चार-पाच गावांनी मिळून मागणी करणे अधिक योग्य ठरते, कारण मलनिस्सारण वाहिनीला गावाची शीव ठाऊक नसते.

८. मी मूळचा परभणीचा, नऊ वर्षे महाळुंग्यात भाड्याने राहतो. ग्रामसभेत बोलू शकतो का?

गावाच्या मतदार यादीत तुमचे नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. कोणाच्या परवानगीचा प्रश्न नाही. जमीन किंवा घर मालकीचे असण्याची अट नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार ज्या ठिकाणी आपण सर्वसाधारणपणे राहतो तेथे नोंदणी करता येते आणि ती एकाच ठिकाणी ठेवता येते. नवीन मतदाराने नमुना ६ भरावा. दुसरीकडे नाव असल्यास स्थलांतराचा अर्ज करावा. घरमालक भाडेकरार करून देत नाही म्हणून बहुतेकांचे अडते. गॅस जोडणी, बँक पासबुक किंवा आधारवरील सध्याचा पत्ता यांवर काम होऊ शकते, म्हणून पत्ता आधी तेथे बदलून घ्यावा.

नाव गावाकडेच ठेवायचे की येथे आणायचे, हा प्रत्येकाचा निर्णय आहे आणि त्यामागची ओढ समजण्यासारखी आहे. पण ज्या गावात हजारो भाडेकरू राहतात आणि यादीत त्यांतले मोजकेच आहेत, त्या गावाचा अर्थसंकल्प भाडेकरूंच्या गटारासाठी बनत नाही, हेही तितकेच खरे आहे.

९. कचरा कोण उचलणार?

भूखंडाबाहेरील घरगुती कचरा ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेने उचलायचा असतो. कारखान्याचा घातक कचरा कारखान्याने अधिकृत सामाईक केंद्राकडे पाठवायचा असतो, आणि असे केंद्र आपल्या जिल्ह्यात रांजणगाव येथे आहे. अडचण मधल्या कचऱ्याची होते: पॅकिंगचे लाकूड, थर्माकोल, प्लास्टिक, उपाहारगृहातील अन्न. हा कचरा भंगारवाल्याकडे जातो, न विकला जाणारा भाग रस्त्याकडेला पडतो आणि रात्री जळतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी औद्योगिक वसाहतींच्या विकासकांवर पुनर्प्राप्ती व पुनर्चक्रीकरणासाठी किमान पाच टक्के क्षेत्र किंवा पाच भूखंड अथवा शेड राखण्याचे बंधन घातले होते. आपल्या क्षेत्रात ही जागा नकाशावर कोठे दाखवली आहे, हे उद्योजक संघटनांनी महामंडळाला विचारायला हवे. ठेकेदाराला कचरा दिला म्हणजे जबाबदारी संपली असे कोणी मानू नये. घातक कचरा कोठे गेला याची पोच ठेवणे कारखान्यावर बंधनकारक आहे.

१०. नदीत फेस आला की सगळे कारखान्यांकडे बोट दाखवतात. तपासणी कोण करते?

जल अधिनियम, १९७४ खाली कारखान्यांची संमती, नमुने घेणे आणि कारवाई हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे. परंतु हेच मंडळ नगरपरिषदांच्या आणि ग्रामपंचायतींच्या सांडपाण्यावरही लक्ष ठेवते, हे अनेकांना माहीत नसते. इंद्रायणी लोणावळ्याकडून कामशेत, तळेगाव, देहू, निघोजे-मोशी अशी वाहत आळंदीला येते आणि पुढे तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत तिला कारखान्यांचे पाणी मिळते तसेच प्रश्न ७ मधील ओढ्यांचे न शुद्ध केलेले घरगुती सांडपाणीही मिळते. आळंदीत वारकरी ज्या पाण्यात स्नान करतात त्यात या दोन्हींचा वाटा आहे, आणि एकावर बोट ठेवून दुसऱ्याला सोडणे नदीच्या कामाचे नाही.

तक्रार करताना तारीख, वेळ, नाल्याचे ठिकाण आणि छायाचित्र द्यावे. टँकरने रात्री नाल्यात रसायन सोडले जात असल्यास मंडळाबरोबर पोलिसांनाही कळवावे, कारण तो फौजदारी गुन्हा आहे.

११. आग लागली तर कोणाचा बंब येतो?

फोन केल्यावर जवळचा बंब येतो. हद्द तेव्हा पाहिली जात नाही आणि पाहूही नये. महामंडळ, पीएमआरडीए, महापालिका आणि काही नगरपरिषदा यांची स्वतंत्र अग्निशमन केंद्रे आहेत. हद्दीचा प्रश्न आधी येतो, तो म्हणजे ना हरकत दाखला कोणी द्यायचा आणि तपासणी कोणी करायची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ सर्वांना लागू आहे आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते.

जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यातील उरवडे येथील आगीत बळी पडलेल्या कामगारांत बहुसंख्य महिला होत्या. गावच्या हद्दीतील, औद्योगिक वसाहतीबाहेरील लहान कारखान्यांत बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा आहे का, तो आतून उघडतो का आणि त्यासमोर माल रचलेला नाही ना, हे मालकाने स्वतः जाऊन पाहावे. त्यासाठी कोणत्याही कार्यालयाची वाट पाहण्याची गरज नाही.

१२. खड्ड्याची तक्रार केली की प्रत्येक जण ‘हा रस्ता आमचा नाही’ म्हणतो. रस्ता कोणाचा हे कसे कळेल?

वसाहतीतील अंतर्गत रस्ते महामंडळाचे, गावरस्ते ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेचे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि महामार्ग संबंधित राष्ट्रीय किंवा राज्य यंत्रणेचे असतात. चाकणची कोंडी समजून घ्यायची तर एवढे पुरे आहे की पुणे–नाशिक राष्ट्रीय महामार्ग ६० आणि तळेगाव–चाकण–शिक्रापूर राष्ट्रीय महामार्ग ५४८ डी हे दोन रस्ते चाकणमधील तळेगाव चौकात एकमेकांना छेदतात, कारखान्यांची सर्व अवजड वाहतूक तेथूनच वळते आणि चौकाच्या चार बाजूंची दुरुस्ती, अतिक्रमणे व सिग्नल वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. हिंजवडीत चित्र थोडे वेगळे आहे: माण–हिंजवडी ते शिवाजीनगर ही २३.३ किलोमीटरची मेट्रो मार्गिका पीएमआरडीएने हाती घेतली, खालचे रस्ते महामंडळाचे आणि गावाचे, तर वाकडकडील पोहोच महापालिकेची.

तक्रारीत रस्त्याचे नाव न देता गट क्रमांक, जवळचा भूखंड क्रमांक आणि नकाशावरील स्थान द्यावे. उत्तर ‘आमचा नाही’ असे आले तर तेही लेखी घ्यावे. दोन खात्यांचे असे लेखी नकार हाती असतील, तर जिल्हाधिकाऱ्यांसमोर बाजू मांडणे सोपे जाते (प्रश्न २० पाहा).

१३. पोलीस ठाणे कोणते?

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. चाकण, महाळुंगे, आळंदी, तळेगाव आणि हिंजवडी या भागांचा समावेश त्यात होतो, जरी यांतील बराच भाग महापालिकेबाहेर असला तरी. रांजणगाव पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे.

१४. आमच्या गावांची मिळून नगरपरिषद किंवा महापालिका का होत नाही? निकष काय आहेत?

महाराष्ट्रात नगरपरिषदेसाठी लोकसंख्या किमान २५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ३०० आणि शेतीबाह्य रोजगाराचे प्रमाण किमान ३५ टक्के हे निकष आहेत. दहा ते पंचवीस हजारांच्या संक्रमणशील भागासाठी नगरपंचायत असते. महापालिकेसाठी लोकसंख्या किमान तीन लाख लागते. लोकसंख्या म्हणजे प्रसिद्ध झालेल्या मागील जनगणनेची लोकसंख्या, आणि येथे पुन्हा २०११ चाच आकडा आडवा येतो. जनगणनेच्या परिभाषेत एखादे गाव ‘जनगणना नगर’ ठरले, म्हणजे लोकसंख्या ५,०००, घनता ४०० आणि शेतीबाह्य कामातील पुरुषांचे प्रमाण ७५ टक्के झाले, तरी त्याचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो. ते वर्गीकरण मोजणीपुरते आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये चाकणच्या पाहणीवेळी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी चाकण, हिंजवडी आणि मांजरी–फुरसुंगी–उरुळी या पट्ट्यांसाठी नव्या महापालिकांची गरज बोलून दाखवली होती. जाहीर विधान आणि अधिसूचना यांत मात्र बरेच अंतर असते: प्रारूप अधिसूचना, हरकती-सूचना, सुनावणी आणि अंतिम अधिसूचना. शिवाय २०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी बदलण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. नवी महापालिका होणार म्हणून जमिनीचा भाव सांगणाऱ्याला प्रथम अधिसूचनेची प्रत मागावी.

१५. महापालिकेत गेलो तर कर एकदम वाढेल का?

निवासी मिळकतींना धक्का बसू नये म्हणून कायद्यात टप्पे आहेत. समाविष्ट गावांत पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने आणि त्यानंतर २०, ४०, ६०, ८० व १०० टक्के अशा चढत्या क्रमाने आकारणी होते. भीती रास्त असली तरी तुलना पूर्ण करावी. टँकरवर होणारा महिन्याचा खर्चही त्या कागदावर लिहावा.

१६. ‘औद्योगिक नगरी’ म्हणजे काय? ती झाली तर ग्रामपंचायत आणि निवडणुका जातील का?

७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-थ मध्ये एक परंतुक आहे. त्यानुसार एखाद्या औद्योगिक आस्थापनेकडून नागरी सेवा दिल्या जात असतील किंवा देण्याचे प्रस्तावित असेल, तर क्षेत्राचा आकार व इतर बाबी लक्षात घेऊन राज्यपाल ते क्षेत्र औद्योगिक नगरी म्हणून घोषित करू शकतात, आणि तेथे नगरपालिका स्थापन करण्याची सक्ती राहत नाही. आपल्या राज्याच्या १९६५ च्या अधिनियमाचे नावच ‘नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम’ असे आहे. शेजारच्या गुजरातमध्ये कलोलजवळील सैज गावाच्या ग्रामपंचायतीने आपले क्षेत्र औद्योगिक अधिसूचित क्षेत्रात घालण्याला आव्हान दिले होते. १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शासनाची बाजू ग्राह्य धरली. म्हणून ‘ग्रामपंचायत घटनात्मक आहे, तिला कोणी हात लावू शकत नाही’ हा ग्रामसभांतील नेहमीचा युक्तिवाद न्यायालयात टिकेलच असे समजू नये.

कायद्याने शक्य आहे म्हणून ते इष्ट ठरत नाही. ज्या क्षेत्रात केवळ कारखाने व गोदामे आहेत, कोणी राहत नाही, तेथे एकाच यंत्रणेने रस्ते, पाणी आणि कर पाहणे सोयीचे आहे, आणि उद्योजकांची ही मागणी चुकीची नाही. पण हद्द गावठाणे आणि कामगारांच्या वस्त्यांवरून ओढली, तर तेथील माणसाला पाण्याबद्दल जाब विचारण्यासाठी निवडून दिलेले कोणीच उरत नाही. उलट, वस्त्या वगळून केवळ कारखाने घेतले, तर गावाचा कर जातो आणि कामगारांचा भार तेवढाच राहतो. या संकलनकर्त्याच्या मते, औद्योगिक नगरीच्या कोणत्याही प्रस्तावात दोन गोष्टी लेखी असल्याशिवाय ग्रामसभांनी संमतीचा ठराव करू नये: उत्पन्नातील गावांचा निश्चित वाटा आणि कारभारी मंडळावर कामगार-रहिवाशांचे निवडलेले प्रतिनिधी.

१७. ऑरिकसारखे पुण्यात का नाही?

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा आणि बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक उभे राहत आहे. त्यासाठी वेगळी कंपनी असून तिच्यात औद्योगिक महामंडळाचा ५१ टक्के आणि केंद्राच्या औद्योगिक कॉरिडॉर न्यासाचा ४९ टक्के वाटा आहे. तेथे भूमिगत वाहिन्या व रस्ते आधी झाले आणि निवासी व व्यापारी वापराची जागा मूळ आराखड्यातच ठेवली गेली. पुण्यात कारखाने टप्प्याटप्प्याने आले आणि मधली गावे तशीच राहिली. एकसंध मोकळी जमीन नसताना तो नमुना जसाच्या तसा येथे उचलता येणार नाही. घरांची जागा आधी राखण्याचा धडा मात्र नव्या टप्प्यांसाठी आजही घेता येतो.

१८. आमची कंपनी हिंजवडीतील विशेष आर्थिक क्षेत्रात आहे. स्थानिक कायदे आम्हाला लागू नाहीत, असे सांगतात. हे बरोबर आहे का?

नाही. २००५ चा विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम मुख्यतः सीमाशुल्क, करसवलती आणि विकास आयुक्तांच्या मंजुरीशी संबंधित आहे. बांधकाम, आग, प्रदूषण, कामगार आणि स्थानिक कर यांचे कायदे त्यामुळे आपोआप बाजूला होत नाहीत. विशिष्ट सवलत दिली असेल तर तिचा आदेश असतो आणि तो दाखवता आला पाहिजे.

१९. एकदा महापालिकेत गेलेले गाव बाहेर पडू शकते का?

पडू शकते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुढे वगळण्यात आली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. कचरा डेपो वर्षानुवर्षे सोसलेल्या या गावांना महापालिकेचा कर मात्र शहराच्या दराकडे जाताना दिसत होता. तेथील नाराजी समजून घेतल्याशिवाय हा निर्णय समजत नाही. बाहेर पडल्यावर पाणी, रस्ते आणि कर्मचाऱ्यांची व्यवस्था कोण पाहणार हा प्रश्न लगेच उभा राहतो, म्हणून असा ठराव करण्यापूर्वी हस्तांतरणाचा तपशील मागून घ्यावा.

२०. सगळीकडे फिरून झाले. आता कोठे जायचे?

उद्योजकांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते. महामंडळ, महावितरण, पोलीस, बांधकाम विभाग आणि स्थानिक संस्था तेथे एकाच टेबलावर येतात, त्यामुळे अनेक खात्यांत अडकलेले प्रकरण तेथे नेणे उपयोगी ठरते. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत करावा आणि प्रश्न १२ मध्ये सांगितलेले लेखी नकार जोडावेत. ग्रामपंचायतीविरुद्धची तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे आणि पुढे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे जाते.

अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत ठरलेली आहे. मुदत टळल्यास प्रथम व द्वितीय अपील करता येते आणि त्यापुढे राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. हद्द, संपादन किंवा करार यांची कागदपत्रे मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करावा. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असे न लिहिता गट क्रमांक, वर्ष आणि कागदाचे नाव लिहावे, म्हणजे ‘माहिती विस्तृत आहे’ हे उत्तर देता येत नाही. कामगारांनी आणि भाडेकरूंनी एकेकट्याने अर्ज करण्यापेक्षा खोल्यांच्या एका रांगेने मिळून सह्यांचा अर्ज ग्रामसभेपूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि विषयपत्रिकेत तो विषय आला की नाही हे सभेच्या आधी पाहावे.